काठ साफ होते, नाना

नाना, दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसवून तू मला बजावलं होतंस, काकूला हे कधीच सांगायचं नाही. मी आज दुपारी सांगितलं. सगळं सांगितलं, ओट्यावर बसून, शेजारणीच्या देखत. आता तुला काय रागवायचं ते रागाव. तू जाऊन अकरा दिवस झाले, आणि जिवंतपणी तरी मी तुझ्या रागाला कधी भीक घातली होती?

उद्या बाराव्याला तुझी गंधमुक्ती. गल्लीत मंडप घातलाय, खुर्च्या आल्यात. आपल्या गल्लीच्या मंडळाचे भाऊसाहेब सकाळीच येऊन गेले. चहा घेतला, तुझ्या फोटोला हात जोडले आणि मला म्हणाले, "वैशाली, तू एम.एस्सी. करतेस, उद्या तू दोन शब्द बोल. तंबाखू-माव्याचे दुष्परिणाम. तरुण पोरांना बोध होईल." मग आवाज खाली आणला, पण काकूला ऐकू जाईल एवढाच खाली. "आणि ऑपरेशननंतर त्यांनी उपचार अर्धवट सोडले ना? घाबरले असतील बिचारे. तेही सांग."

घाबरला म्हणे! तू! सुरतेतल्या प्लेगच्या वर्षी आपलं अख्खं लिंबायत गाठोडी बांधून खानदेशात पळत होतं, तेव्हा तू सात घरांच्या किल्ल्या कमरेला लावून गल्लीत एकटा राहिलास. लोकांच्या बकऱ्यांना पाला घातलास. हेच भाऊसाहेब पहिल्या गाडीने अमळनेरला गेले होते, आणि त्यांच्या बकरीला पाणी तू पाजलंस. मावा तू खायचास, हे मी नाकारत नाही. बारा बारा तास मागांच्या धडधडाटात उभं राहायचं, झापड आली तर बोट जायचं, म्हणून गालात मावा. मी त्यावरून तुझ्याशी किती भांडले ते अख्ख्या गल्लीला माहीत आहे. पण कारखान्याच्या गेटवर ती पुडी विकायला कोण बसायचं? भाऊसाहेबांचा सख्खा मेहुणा! त्याच्यावर कोणी दोन शब्द बोलणार आहे का उद्या?

आणि उपचार तू सोडला नव्हतास. सहा आठवड्यांत एक दिवस खाडा केला नाहीस. तेच तर मला सलतंय.

पाचवीत असताना माझ्या वडिलांनी मला तुझ्याकडे सुरतेला आणून सोडलं. गावी शाळा चौथीपर्यंतच, आणि तुम्हा दोघांना मूलबाळ नव्हतं. तू वडिलांचा धाकटा भाऊ, पण मी तुला पहिल्या दिवसापासून 'तू'च म्हटलं. बडोद्याच्या होस्टेलवरच्या मैत्रिणींना याचं भारी नवल, काकाला 'तू' म्हणतेस? त्यांना काय सांगणार, आपल्या घरातली अहिराणी तशीच आहे, तिच्यात मायेला मान लागत नाही. आताही तुझ्याशी बोलतेय ती अहिराणीतच, कागदावर उतरवताना तिचं मराठी होतंय. भाषांतर करायची खोडच लागली मला. या घरात इंग्रजी कागद आला की वैशूला बोलवा, गुजराती साहेब भेटला की वैशूला पुढे करा. आणि मला काय चढायचं रे ते! सगळे माझ्या तोंडाकडे बघतायत, आणि मी सांगेन तो अर्थ.

म्हणून तर तू मला इतकं चिडवलंस, मी माझ्या प्रोजेक्टचा विषय सांगितला तेव्हा. आठवतं? तू पायरीवर बसून पायाची भेग खरवडत होतास. मी म्हटलं, पेशीत प्रोटीन तयार होतं ना, त्या कामाला शास्त्रात भाषांतरच म्हणतात. निरोप एका भाषेत लिहिलेला असतो, प्रोटीन दुसऱ्या भाषेत. तू म्हणालास, "म्हंजे तठे भी दुभाष्या लागस?" लागतो, नाना. आणि दुभाष्याच्या आधी एक जण लागतो. प्रत्येक निरोपाच्या डोक्यावर रसायनाची एक टोपी असते. एक लहानसं प्रोटीन येतं आणि ती टोपी पकडतं. त्याने टोपी पकडली की बाकीची मंडळी जमतात, यंत्र निरोपावर चढतं आणि विणकाम सुरू होतं. त्याने पकडलीच नाही, तर बहुतेक निरोप नुसते पडून राहतात, लिहिलेले असून न वाचलेले. मी त्याचं इंग्रजी नाव सांगितलं, ईआयएफ-फोर-ई. तू ते तीनदा म्हणून पाहिलंस, तिन्हीदा वेगळं. मग म्हणालास, "जाऊ दे. आजवर टोपी घालणारे पुष्कळ पाहिले, टोपी धरणारा आजच ऐकला." तेव्हापासून तो आपल्या घरात टोपीवाला झाला.

आणि मग तू जे विचारलंस ना, ते माझ्या वर्गातल्या एकालाही सुचलं नव्हतं. "एक टोपीवाला आणि निरोप हजार, मग आधी कोणाचा नंबर?" मी सांगितलं, धडधाकट पेशीत तो मोजकाच असतो. रोजच्या कामाचे साधे निरोप असतात, त्यांचं थोडक्यात भागतं. पण 'वाढ', 'एकाचे दोन हो', 'रक्ताच्या नळ्या इकडे ओढून आण' असले निरोप डोक्यापाशीच गुंतलेले असतात, त्यांना टोपीवाला जास्त लागतो. तो मोजका असला की त्यांचा नंबर क्वचित लागतो. आणि तो वाढला, की त्या सगळ्यांचे नंबर लागतात. काही कॅन्सरमध्ये नेमकं हेच दिसतं, निरोप तेच, पण टोपीवाले फार.

तू भेग खरवडायची थांबलास. मग म्हणालास, "कारखान्यात एकच माणूस हॅन्डल मारायला असला, तर तो चांगल्या बीमचे माग चालू करतो. ताण्याचे दोरे गुंतलेले बीम पडून राहतात. चार माणसं आणली की गुंत्याचेही चालू. बीम तेच, कापड मात्र सगळं वाया." नाना, मी ते वाक्य वहीत लिहून घेतलं आणि सेमिनारमध्ये बोलले. सर म्हणाले, कोणत्या पुस्तकातलं? मी म्हटलं, उधन्याच्या कारखान्यातलं.

आपलं भांडण त्यापुढचं. तू म्हणालास, मग त्या टोपीवाल्याला सुट्टी द्या. मी म्हटलं, देता येत नाही, तो सगळ्याच पेशींना लागतो, काढून टाकला तर चांगलंही काम बंद पडेल. तू भडकलास. "काढ कोण म्हणतंय? कमी कर! चारचा एक कर!" मी म्हटलं, नाना, तुला वाटतं तितकं सोपं नाही ते. तू म्हणालास, शिकलेल्या माणसांना सोपं काम देऊन करायचंय काय? सरांना विचारलं तर ते म्हणाले, प्रश्न बरोबर आहे, उत्तर अजून कोणाच्या हाती नाही. हे तुला सांगितल्यावर तू किती खूश झालास! "म्हंजे तुन्हा सर आनि मी, दोन्ही सारखाच अडानी!" तेव्हा तुझ्या गालाच्या आत पांढरा चट्टा होता, आणि तो मला दिसला नव्हता. टोपीवाल्याचं पुराण सांगत मी तुझ्या तोंडासमोर तासभर बसले होते.

मग चट्ट्याची जखम झाली, जखमेचं ऑपरेशन झालं. सांगायचं ते त्यानंतरच्या दिवसाचं.

डॉक्टर घाईत होते. बाहेर रांग दारापर्यंत आलेली. कापून काढलेल्या तुकड्याचा रिपोर्ट बघून ते भराभरा गुजरातीत म्हणाले, "किनारी साफ छे. हवे शेक लेवो पडशे. रोज. छ अठवाडिया. मोडुं ना करता." एक चिठ्ठी लिहिली, मागच्या इमारतीतल्या विभागाची, इंग्रजीत. मी ती फाइलला टाचली. मग तुम्हा दोघांकडे वळून ऐटीत सांगितलं, "नाना, काठ साफ शेतस. आते रोज शेक लेना पडी, सहा आठवडा. उशीर करू नका." शब्दाला शब्द. एकही गाळला नाही.

तू विणकर माणूस. तू लगेच म्हणालास, "काठ साफ शे, मंग मजार काय शे?" म्हणजे मग आत काय आहे? काठाला दोरे दाट असतात, ताण जास्त असतो, काठ नेहमीच बरा दिसतो, चूक शोधायची ती आत चार बोटांवर, हे तूच मला शिकवलेलं. आणि मी काय म्हणाले? "नाना, हे कापड नाही. साहेब सांगतात ना, साफ आहे." तू फाइल काकूच्या हातात दिलीस. दुसऱ्या दिवशी माझं प्रॅक्टिकल होतं. मी दुपारची गाडी पकडून बडोद्याला गेले.

शेक म्हणजे मशीन. मला ठाऊक होतं. गुजरातीत सगळे त्या किरणांच्या उपचाराला शेकच म्हणतात. मला एवढं ठाऊक होतं की ते सांगावं लागेल हे डोक्यातच आलं नाही. आणि तुम्हाला शेक म्हणजे शेकच ठाऊक. काकूने फाइल देवाच्या फळीखाली नीट ठेवली, तुझं जुनं धोतर फाडून पोटली शिवली, तिच्यात जाडं मीठ भरलं आणि तवा चुलीवर चढवला. रोज सकाळ-संध्याकाळ.

दर रविवारी मी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात फोन करायची, ते तुला हाक मारून आणायचे. पहिला प्रश्न ठरलेला. "शेक चालू आहे ना?" तू म्हणायचास, "चालू शे. एक दिवस चुकना नही." किती बरं वाटायचं मला! आपण दोघं एकच शब्द बोलत होतो नाना, आणि दोघंही खरं बोलत होतो.

सहा आठवड्यांनी मी घरी आले. तुझा गाल काळा पडलेला, कातडी सोलपटलेली. पुस्तकात वाचलं होतं, किरणांनी कातडी काळी पडते. मी डॉक्टरासारखी मान हलवून म्हटलं, "शेकाने असं होतंच. भरून येईल." काकूच्या बोटांवर फोड होते. विचारलं तर म्हणाली, "तवा लागना." तवाच लागला होता. या घरात कोणीच खोटं बोललं नाही रे!

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी फाइल उघडली. चिठ्ठी तशीच टाचलेली, त्यावर एक शिक्का नाही. मानेत गाठ हाताला लागत होती. शेक का घेतला नाही म्हणून ते ओरडले, "शेक केम न लीधो?" आणि तू खुर्चीतून अर्धा उठलास. "लीधो ने साहेब! रोज लीधो!" अशा तडफेने म्हणालास की डॉक्टर क्षणभर चाचरले. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला सगळं कळलं, एका झटक्यात, आणि माझ्या तोंडून कोणत्याच भाषेतला शब्द फुटेना.

काकू त्या दिवशी आली नव्हती. पायऱ्यांवर बसल्यावर मी तुला सांगितलं शेक म्हणजे काय ते. आधी तू हसलास. खरंच हसलास, गाल ओढला जाईपर्यंत.  तिथेच, हसून झाल्यावर, तू म्हणालास, "तुन्हा काकूले काही सांगू नको. तिनी सहा आठवडा हात जाळेल शेतस. तिले वाटू दे, ते औषध व्हतं." माझ्याबद्दल एक शब्द नाही. रागाचाही नाही, माफीचाही नाही. दोन दिवस मग तू गप्प होतास, आणि तिसऱ्या दिवशी म्हणालास, "वैशू, चहा टाक." मी चहा टाकला. माझी माफी मागायची राहिली ती राहिलीच. पुढचे चार महिने माझ्या ओठांवर होती, आणि तू दर वेळी काहीतरी दुसरंच काढायचास, टोपीवाल्याचं काय झालं, तुझ्या सरांना काही सुचलं का.

आता एक सांगते, हे मी तुला मुद्दाम सांगितलं नव्हतं. सरांकडे मी नंतर गेले. ते म्हणाले, काही ठिकाणी लोक आता साफ काठही पुन्हा तपासू लागलेत. सूक्ष्मदर्शकाखाली काठ अगदी स्वच्छ दिसतो, पण त्यातल्या पेशींत हे टोपी धरणारं प्रोटीन वाढलेलं सापडतं, आणि अशा माणसांत रोग परत येण्याची भीती जास्त दिसते. म्हणजे तू म्हणालास तेच. काठ साफ, मंग मजार काय शे? विणकराला एका दमात सुचलं ते! सर मला धीर द्यायला म्हणाले, "कदाचित शेक घेतला असता तरी..." मी उठून आले. दारही जरा जोरातच लागलं माझ्याकडून.

कारण त्या 'कदाचित'मागे मला लपायचं नाही. काठात टोपीवाला होता की नव्हता हे आता कोणी सांगू शकणार नाही. पण काठावर उरलेलं जाळायलाच तर तो शेक होता! तुझी ती संधी होती, लहान असेल, मोठी असेल, तुझी होती. ती गेली माझ्या एका शब्दामुळे. लोक म्हणतात नशीब. मंडळ म्हणतं व्यसन. सर म्हणतात प्रोटीन. नाही ऐकायचं मला. माझ्या वाट्याची चूक मला माझ्याच पदरात हवी. ती दुसऱ्या कोणाच्या, आणि तुझ्या तर मुळीच, नावावर मी जाऊ देणार नाही. आणि काकूपासूनही लपवायचं म्हणजे उद्या भाऊसाहेब 'घाबरले' म्हणतील तेव्हा मी मान खाली घालून ऐकायचं. तरी मी ऐकणार होते, नाना. तुला शब्द दिला होता म्हणून. सकाळी भाऊसाहेब गेल्यावरही माझं ठरलं होतं, की काकूसाठी गिळायचं.

आज दुपारी पलीकडच्या गल्लीतली रेखाताई आली. अकोल्याकडची, नवरा पलसाण्याच्या कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये कामाला. त्याच्या गालाचं ऑपरेशन गेल्या आठवड्यात झालंय. मला वाटलं भेटायला आली असेल. ती काकूजवळ टेकली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "काकू, डॉक्टरनं शेक सांगतला हो. तुमाले माहीत आहे म्हून आली. मीठ जाडं घ्याचं का बारीक?"

आणि अकरा दिवसांत पहिल्यांदा काकूचा चेहरा उजळला. कोणीतरी तिला तिच्या कामाचं विचारत होतं! ती भराभरा सांगू लागली. जाडं घे, बारीक गळतं. पोटली सुती कापडाची कर. आधी आपल्या मनगटावर लावून बघ, मगच गालावर...

मी म्हटलं, "काकू, थांब."

मग मी सांगितलं. अहिराणीत सांगितलं, रेखाताईसाठी मराठीत पुन्हा सांगितलं, म्हणजे चुकायला जागा नको. शेक म्हणजे मीठ नाही, तवा नाही. शेक म्हणजे मागच्या इमारतीतलं मशीन, चिठ्ठी दाखवून रोज जायचं. नानाला ते कधी मिळालंच नाही, कारण मी नीट सांगितलं नाही. नाना पळाला नाही, घाबरला नाही. चूक माझी. आणि काकू, त्याने तुला सांगू नको म्हणून मला बजावलं होतं, कारण तुझे हात भाजले होते.

 रेखाताई उठू की बसू अशी अवघडली. काकूने आपले हात उलटे केले, बोटं बघितली. ते डाग अजून आहेत. मग विचारलं, "मीठ लाईसन काहीच नही व्हयनं?" मी म्हटलं, नाही काकू, मिठाने नाही झालं. काहीच नाही. खोटं बोलता आलं असतं. तू असतास तर बोललाच असतास.

तिने मला मारलं असतं तर बरं झालं असतं. मी तिच्यापुढे बसून रडले, नाना, तुझ्या अंत्ययात्रेला रडले नव्हते तेवढी रडले, आणि तुझी मागायची राहिलेली माफी तिची मागितली.  तिने डोळ्यांना पदरही लावला नाही. मग रेखाताईला म्हणाली, "फाइल कोठे शे? लई ये." रेखाताई धावत जाऊन फाइल घेऊन आली. काकूने ती माझ्या मांडीवर ठेवली. चिठ्ठी होती, इंग्रजीत, कोपऱ्यात टाचलेली, शिक्का नसलेली. उद्याचीच तारीख.

मी म्हटलं, "उद्या तर गंधमुक्ती आहे."

काकू म्हणाली, "सकाय तू हिना नवराले लई जाय." म्हणजे सकाळी तू हिच्या नवऱ्याला घेऊन जा. मी म्हटलं, लोक काय म्हणतील, आणि भाऊसाहेबांना बोलायला माणूस हवाय. तेव्हा ती उठली. चार पुरुषांसमोर जिने कधी पाणी मागितलं नाही, ती तुझी बायको, तुझ्या फोटोकडे न बघता मला म्हणाली, "तठे मी बोलसू."

तर उद्या मी तुझ्या कार्यक्रमाला नसेन, नाना, तिथे काकू बोलेल. आठ वाजता मागच्या इमारतीत नंबर लावायचाय. रेखाताईच्या नवऱ्याला शेजारी उभा करून मी त्या माणसांना विचारणार, शेक म्हणजे कुठे, कशाने, किती दिवस, आणि एक दिवस चुकला तर काय. एकदा नाही, तीनदा विचारणार. मग त्यालाच विचारणार, तुला काय समजलं ते तू मला सांग. मागे रांग ओरडली तर ओरडू दे.